पूर सांगून येईल, ऐकणार कोण?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईकर नेहमीप्रमाणे सकाळी कामाला बाहेर पडले. दुपारी अडीचनंतरच्या एका तासात सांताक्रूझच्या केंद्रावर १९० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांची बेरीज मांडली गेली, तेव्हा ती ९४४ मिलिमीटर भरली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या केंद्रावर झालेली नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर. फोर्ट, नरिमन पॉइंट येथील कचेऱ्यांतून खिडकीबाहेर पाहणाऱ्या नोकरदारांना दिसत होता तो श्रावणाआधीचा नेहमीचा पाऊस. म्हणून लोक निघाले, गाड्यांत बसले आणि कुर्ला, कलिना, साकीनाका या टप्प्यात पाण्याने त्यांना गाठले. मुंबई शहर व उपनगरांत चारशेहून अधिक माणसे त्या एका दिवसाने नेली. त्यांतील काही जण बंद मोटारींच्या काचांआड गुदमरून गेले.

त्या दिवशी या महानगरात हवामान खात्याची पर्जन्यमापन केंद्रे दोनच होती. एक कुलाब्याला, दुसरे सांताक्रूझला. त्यांच्या नोंदी दर तीन तासांनी पुढे जात. तीन तास हा शेतीच्या हवामानासाठी पुरेसा सूक्ष्म काळ असेल. शहराच्या नाल्यासाठी तो संपूर्ण पुराचा काळ आहे. पाणी कोठे आणि किती वेगाने चढते आहे, हे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या माणसाचा दूरध्वनी बंद पडलेला होता.

या एका तपशिलातून संवेदकांच्या, म्हणजे सेन्सरच्या, प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. शहरी पुराची पूर्वसूचना हा विषय निघाला की बहुधा उपग्रह, महासंगणक आणि मोठ्या पडद्यांवरील रंगीत नकाशे यांची चर्चा सुरू होते. हे सर्व मोलाचे आहे. तथापि शहराचा पूर पुष्कळदा आकाशापेक्षा गटाराच्या तोंडाशी ठरतो, आणि तेथे बसवायचे उपकरण फार साधे असते.

नदीचा पूर आणि शहराचा पूर यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वेपुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली; १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. पण हरियाणातील हथनीकुंड बंधाऱ्यावरून सोडलेले पाणी दिल्लीस पोहोचायला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत पाणी येत असल्याचे शहराला कळते. सुरतेचेही तेच. मुलताईला उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून उकाई धरणात येते. भुसावळजवळच्या हतनूरचे दरवाजे उघडले की उकाईच्या अभियंत्यांना पुढचे गणित मांडता येते. ऑगस्ट २००६ मध्ये ते गणित चुकले, नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. उधना, लिंबायत या भागांत पोटापाण्यासाठी जाऊन राहिलेल्या खानदेशी कुटुंबांना तो पूर आजही तारखेनिशी आठवतो. त्यानंतर सुरतेने पाणलोट क्षेत्रातील पाऊस, धरणातील आवक आणि शहरातील पातळी यांची साखळी जोडून पूर्वसूचनेची व्यवस्था उभारली. ती देशातील चांगल्या उदाहरणांपैकी एक आहे.

नाल्याला मात्र हथनीकुंड नसते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी झाले. चार चौरस किलोमीटरच्या वस्तीवर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस कोटी लिटर पाणी वाट शोधू लागते. पूर्वी या पाण्याचा मोठा वाटा माती पिऊन टाकी. आता अंगणात फरशी, रस्त्यावर काँक्रीट आणि तळ्याच्या जागी गृहसंकुल असल्यामुळे ते जवळजवळ सगळेच्या सगळे, आणि तेही अर्ध्या-पाऊण तासात, नाल्यावर येऊन आदळते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने हेच केले. झोपलेल्या वस्त्यांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, माणसे आणि दावणीची जनावरे वाहून गेली. ज्या शहराने १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय पाहिला, त्याने मुठेकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घेतली होती. ओढ्याकडे कोणी पाहत नव्हते.

अशा ओढ्यावर उपयोगी पडणारी उपकरणे दोन. पहिले स्वयंचलित पर्जन्यमापक. नरसाळ्यातून येणारे थेंब एका छोट्या झुलत्या पात्रात साठतात. ठरावीक पाणी, बहुधा ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पावसाइतके, भरले की पात्र कलंडते, दुसरे पुढे येते आणि प्रत्येक कलंडण्याची विद्युत नोंद होते. दुसरे जलपातळीमापक. पुलाच्या कठड्याखाली बसवलेले हे यंत्र पाण्याच्या पृष्ठभागाकडे ध्वनिलहर किंवा रडारलहर सोडते आणि ती परत येण्यास लागलेल्या वेळावरून पाणी किती वर आले ते सांगते. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असल्याने पहिल्या प्रकारात तापमानाची दुरुस्ती करावी लागते. रडारला ती अडचण फारशी नाही, पण तो महाग. पाण्यात बुडवून ठेवायचे, दाबावर चालणारे यंत्रही मिळते. मात्र आपल्याकडील नाल्यांत ते गाळाखाली गाडले जाण्याचीच शक्यता अधिक. सौर पट्टी, विजेरी आणि मोबाइलच्या जाळ्यावरून निरोप पाठवणारा संच एवढा संसार सोबत असला की यंत्रे कामाला लागतात.

पाऊस आणि पातळी या दोन्ही आकड्यांना एकत्र वाचण्यात खरे कौशल्य आहे. पाऊस थांबला आणि नाला चढतोच आहे, तर खाली कोठेतरी तुंबले आहे. मुंबईत याला तिसरा आकडा जोडावा लागतो तो भरतीचा. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या. समुद्रात उघडणाऱ्या त्यांच्या मुखांपैकी बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली जातात. २६ जुलैला दुपारी चारच्या सुमारास सुमारे साडेचार मीटरची भरती होती. पाणी जाणार कोठे? पुढे ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर नेण्याचे काम झाले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रे उभी राहिली. ती कधी चालू करायची हा निर्णय नाल्यातील पातळी आणि समुद्रातील पातळी एकाच वेळी समोर असतील तरच नीट घेता येतो.

२००५ नंतर काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई महापालिकेने २००६ मध्ये दर पंधरा मिनिटांनी नोंद देणारी ३५ स्वयंचलित केंद्रे बसवली आणि पुढे ती वाढवली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१० मध्ये शहरी पुराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व शहरांत दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, असे त्यांत नमूद केले. कोलकात्याने आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने उदंचन केंद्रे, कालवे व सखल भाग मिळून सुमारे ४०० ठिकाणी संवेदक बसवण्याची योजना २०१८ मध्ये पुढे आणली. चेन्नईसाठी २०१९ मध्ये आणि मुंबईसाठी जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर्वसूचना प्रणाली कार्यान्वित झाली. बंगळुरात राजकालुव्यांवर जलपातळीमापक बसवले गेले आणि ‘मेघसंदेश’ नावाने नागरिकांसाठी मोबाइल सुविधाही आली. मुंबईच्या आयआयटीने २०२४ मध्ये पाणी साचणाऱ्या ठिकाणांची पातळी नागरिकांना दाखवणारा प्रयोग सुरू केला. यादी लहान नाही.

तरीही २३ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे कोलकात्यात काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि माणसे मेली. त्यांतील बहुतेक बुडून नव्हेत, तर साचलेल्या पाण्यात उतरलेल्या विजेच्या धक्क्याने. ही घटना या विषयाचे सारे मर्म उघडे करते. रस्त्यावर किती पाणी चढले याची नोंद एखाद्या यंत्राने केली, ती नियंत्रण कक्षातील पडद्यावर उमटली, आणि त्या गल्लीचा वीजपुरवठा खंडित करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला ती वेळेत कळली नाही, किंवा कळूनही काय करायचे हे आधी ठरलेले नसले, तर त्या नोंदीचा उपयोग चौकशी समितीलाच होणार. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तेथे चोवीस तास आधीच्या अंदाजाची गरज नव्हती. रस्त्यावरचे पाणी गुडघ्याला लागले की तळघर रिकामे करायचे, एवढा एक नियम आणि तो वाजवून सांगणारी एक घंटा पुरेशी होती. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ रोजी एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांना तेथे ‘पाणी साचले आहे’ हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. झाकण उघडे आहे, हे कोणी सांगायला हवे होते. झाकण सरकल्याची सूचना देणारा संवेदक आज अशक्यही नाही आणि अवाच्या सवा महागही नाही.

सबब, उपकरणे किती बसवली हा प्रश्न दुय्यम आहे. प्रत्येक उपकरणापुढे एक कृती लिहिलेली आहे काय, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. अमुक पुलाखाली पाणी दोन मीटरवर आले की कोणता भुयारी मार्ग बंद करायचा, अडीच मीटरवर कोणत्या शाळेचे कुलूप काढायचे व त्या शाळेची किल्ली कोणाकडे आहे, तीन मीटरवर कोणत्या रोहित्राचा पुरवठा तोडायचा, हे मे महिन्यात कागदावर उतरलेले असले पाहिजे. आणि ज्याच्या नावापुढे ती कृती आहे त्याला रात्री दोन वाजता वरिष्ठांची परवानगी न मागता ती करण्याचा अधिकार असला पाहिजे. सरकारी यंत्रणेत अडते ते बहुधा याच पायरीवर. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत चेंबरंबक्कम तलावाची पातळी ठाऊक होती, पाऊसही ठाऊक होता; अखेरीस २९,००० क्युसेकचा विसर्ग अड्यार नदीत झाला आणि काठच्या वस्त्या रात्रीतून बुडाल्या. या विसर्गाच्या हाताळणीवर पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी कठोर ताशेरे ओढले. आकडे असूनही निर्णय उशिरा होऊ शकतो, याचे हे उदाहरण.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक रास्त शंका मांडली जाते. इशारा दिला आणि पाणी आलेच नाही तर? दुकाने बंद होतील, लोकल गाड्या ओसंडतील, लोक चिडतील आणि पुढच्या वेळी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतील. लांडगा आला रे आला ही गोष्ट प्रत्येक महापालिका आयुक्ताला ठाऊक असते. परंतु ही शंका संपूर्ण शहराला एकच इशारा देण्याच्या पद्धतीतून जन्माला येते. कुलाब्याला ७३ आणि सांताक्रूझला ९४४, या दोन आकड्यांवर एकच इशारा बसवला तर तो एका ठिकाणी खोटा ठरणारच. जाळे जेवढे दाट, तेवढा इशारा लहान वस्तीपुरता देता येतो. तो चुकला तरी चारच गल्ल्या चिडतात! शिवाय खोटा इशारा आणि न दिलेला इशारा यांची किंमत सारखी नाही. छत्री घेऊन बाहेर पडलेला माणूस पाऊस न पडल्याबद्दल वेधशाळेवर खटला भरत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. संवेदक खरेदी करण्याच्या निविदा उत्साहाने निघतात, उद्घाटने होतात, छायाचित्रे छापून येतात. तिसऱ्या पावसाळ्यात नरसाळ्यात कावळ्याने काड्या आणलेल्या असतात, सौर पट्टीवर धूळ बसलेली असते, मोबाइल कंपनीचे देयक थकल्याने संच मुका झालेला असतो, आणि विजेरी कोणीतरी काढून नेलेली असते. भर नाल्याच्या काठी उघड्यावर राहणाऱ्या यंत्राला वर्षातून निदान दोनदा स्वच्छता आणि एकदा अचूकतेची तपासणी लागते. त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार भांडवली खर्चाच्या शीर्षाखाली बसत नाही. घरासाठी कर्ज घेणारा कोणताही विचारी ग्राहक हप्त्याबरोबरच देखभालीचा खर्च धरतो. शहरांनी तेच करावे. उपकरणाच्या किमतीबरोबर पाच ते सात वर्षांच्या देखभालीचा करार, आणि देयक उपकरणांच्या संख्येवर नव्हे तर पावसाळ्यात प्रत्यक्ष हाती आलेल्या नोंदींवर, अशी अट घातली, तर मुक्या यंत्रांचे पैसे कोणी मागणार नाही.

या बाबतीत शहराने खेड्याकडून शिकण्यासारखे आहे. फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्याची भरपाई महाराष्ट्रात महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. ‘महावेध’ प्रकल्पात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे राज्यभर उभी राहिली. द्राक्ष किंवा डाळिंब पिकवणारा शेतकरी ते केंद्र नीट चालते की नाही याकडे बारीक लक्ष ठेवतो. झाडाच्या आडोशाला बसवले असेल तर तक्रार करतो, कारण त्या आकड्यात त्याचा पैसा आहे. शहरातील दुकानदाराचा, लघुउद्योजकाचा संबंध मात्र आपल्या नाल्यावरील यंत्राशी येत नाही. गोदामात तारण ठेवलेला माल भिजतो, पंचनामे होतात, दाव्यांना महिने लागतात. नाल्याच्या पातळीच्या विश्वासार्ह नोंदीशी जोडलेला पूरविमा भारतीय शहरांत रुजला, तर ठरावीक पातळी ओलांडताच भरपाई देय होईल, पंचनाम्यासाठी ताटकळावे लागणार नाही आणि यंत्र चालू ठेवण्यात हजारो लोकांचा स्वार्थ निर्माण होईल. स्वार्थाइतकी चोख देखभाल कोणतेही परिपत्रक करू शकत नाही.

त्यासाठी नोंदी सर्वांना खुल्या हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या नियंत्रण कक्षाच्या भिंतीआड राहतात, किंवा पाऊस पडून गेल्यावर मिळतात. घाबरगुंडी उडेल ही सबब टिकणारी नाही; अपुऱ्या माहितीने जेवढी घबराट होते, तेवढी आकड्याने होत नाही. कोणतेही सोसायटीचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक किंवा रिक्षाचालक यांना आपल्या पुढच्या पुलाखालचे पाणी या क्षणी कोठे आहे हे दिसले पाहिजे. २०२३ मध्ये देशभर भ्रमणध्वनींवर एकाच वेळी मोठ्याने वाजलेला चाचणी-संदेश अनेकांना आठवत असेल. एका ठरावीक परिसरातील सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठवण्याचे ते तंत्र आहे; ‘सचेत’ प्रणालीतून प्रादेशिक भाषांतही सूचना दिल्या जातात. संदेशाची भाषा मात्र अजून कचेरीचीच राहते. ‘सखल भागात पाणी साचण्याची शक्यता, नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यातून कोणी काय करावे? ‘पुलाखालचा रस्ता बंद आहे, वरच्या शाळेत जा, मोटार तळघरात असेल तर तिथे उतरू नका’ असे सांगणारे वाक्य लिहायला महासंगणक लागत नाही. ते बंगळुरात कन्नडबरोबर हिंदी-तमिळमध्येही लागते, आणि सुरतेत गुजरातीबरोबर मराठीतही. कारण सखल जागेत स्वस्त खोली घेऊन राहणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो आणि पाणी प्रथम त्याच्याच उंबरठ्यावर येते. अनेकांकडे साधा फोन असतो, काहींकडे तोही नसतो; त्यांच्यासाठी मंदिराचा, मशिदीचा ध्वनिक्षेपक किंवा पुलावरचा भोंगा हेच प्रभावी माध्यम आहे.

संवेदकाने नाला रुंद होत नाही, बुजवलेले तळे परत येत नाही, मिठी नदीच्या १७.८ किलोमीटरच्या पात्रातील भिंती मागे सरकत नाहीत. यंत्रे बसवली की पात्रातील बांधकामांना अभय मिळाले, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. उलट, वर्षानुवर्षे साचलेल्या नोंदी हा बिल्डर आणि नियोजनकार यांच्यासमोर ठेवण्याचा पुरावा ठरू शकतो. एखाद्या भूखंडापुढचा नाला दहा वर्षांत किती वेळा काठाबाहेर आला, हे घर घेणाऱ्याला आणि त्या घरावर कर्ज देणाऱ्याला जमिनीच्या उताऱ्याइतक्याच सहजतेने पाहता आले, तर पूररेषेतील इमारतींची किंमत आपोआप खाली येईल.

१९०३ मध्ये खडकवासला धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्यांत ना वीज होती, ना संदेशवहन. पाणी चढले म्हणजे काय घडायचे, हे दरवाजाच्या रचनेतच आधी ठरलेले होते. रात्री कोणाला उठवावे लागत नव्हते. येत्या मे महिन्यात कोणत्याही महापालिकेच्या पर्जन्यजल विभागात जाऊन एवढेच विचारावे: या प्रभागातील संवेदक कोठे आहे, काल त्याने काय नोंद दिली, आणि आज रात्री दोन वाजता त्याने धोक्याची नोंद दिली तर कोणाचा फोन वाजेल?